महातहानेच्या मुलखात

बोत्स्वाना ह्या देशाच्या चलनाचे नाव 'पुला' असे आहे. पुला म्हणजे पाऊस. १९७६ साली ह्या देशाने दक्षिण आफ्रिकेचा रँड बाजूला सारून स्वतःचे चलन सुरू केले, तेव्हा त्याला ना कुणा राजाचे नाव दिले, ना ज्यांच्यावर देशाची श्रीमंती उभी आहे त्या हिऱ्यांचे. पावसाचे नाव दिले. गावच्या सभेचे काम आटोपले की जमलेले लोक एकमुखाने 'पुला!' असा घोष करतात. मृगाची वाट पाहणाऱ्या आणि श्रावण उजाडेपर्यंत त्याच पावसाला कंटाळणाऱ्या आम्हां वसईकरांना ह्या घोषातील आर्तता चटकन कळत नाही. ती कळण्यासाठी त्या देशाच्या मध्यभागी पसरलेल्या कलहारीत काही दिवस तंबू ठोकून राहावे लागते आणि आपल्या वाट्याचे पाणी रोज संध्याकाळी मापाने मोजून घ्यावे लागते. कलहारी हे नावही तहानेवरूनच पडले आहे. त्स्वाना भाषेतील ज्या शब्दापासून ते आले त्याचा अर्थ कुणी 'महातहान' असा सांगतात, कुणी 'निर्जल प्रदेश' असा.

सेमिनरीतील आमचे एक सहाध्यायी गेली अनेक वर्षे बोत्स्वानात धर्मसेवा करीत आहेत. "अरे, म्हातारा होण्याआधी एकदा येऊन जा, नंतर गाडीच्या टपावर चढता येणार नाही," असे ते दर नाताळच्या पत्रात लिहीत. पन्नाशी ओलांडल्यावर हा इशारा आम्ही गंभीरपणे घेतला, आणि गेल्या वर्षी ऑगस्टच्या अखेरीस आम्ही सहा जण उत्तरेकडील कसाने गावाहून दोन लँड क्रूझर घेऊन निघालो. आम्ही, आमचे सहाध्यायी, त्यांच्या धर्मग्रामातील एक मल्याळी शिक्षक दांपत्य (केरळच्या शिक्षकांवाचून आफ्रिकेतील शाळा चालतात की नाही, अशी आम्हांला शंका येऊ लागली आहे), वाटाड्या आणि स्वयंपाकी. टपावर तंबू, मागे गॅसची शेगडी, तीन पायांची ओतीव लोखंडी कढई, दोन जादा चाके, फावडी, दोर, इंधनाचे जेरीकॅन. हॉटेल नाही, दुकान नाही, आणि बहुतेक मुक्कामांना कुंपणही नाही. जेथे रात्र, तेथे मुक्काम. मार्ग असा आखला होता : चोबे, सावुती, मोरेमी, माउन, तेथून मध्य कलहारीचे अभयारण्य पूर्वेकडून पश्चिमेस ओलांडून घांझी.

चोबेच्या हत्तींविषयी वाचकांनी इतरत्र पुष्कळ वाचले असेल. बोत्स्वानात सुमारे एक लाख तीस हजार हत्ती आहेत, जगातील कुठल्याही देशापेक्षा अधिक, आणि देशाची लोकसंख्या आहे जेमतेम चोवीस लाख. हे प्रमाण ऐकायला गंमतीचे वाटते. ज्याचे ज्वारीचे शेत एका रात्रीत तुडवले गेले त्याला ते तसे वाटत नाही. नदीकाठी शंभर-सव्वाशे हत्ती एकाच वेळी पाणी पिताना पाहिले, तेव्हा गाडीतील सर्वांचे बोलणे आपोआप थांबले. परंतु आमच्या मनात अधिक काळ रेंगाळले ते सावुतीचे स्नानगृह. तेथील प्रवाह १९८२ साली आटला. भूगर्भातील हालचालींमुळे तो असा अधूनमधून आटतो, असे जाणकार म्हणतात. पुढील अठ्ठावीस वर्षे पात्र कोरडे होते. तहानलेल्या हत्तींना नळातील पाण्याचा वास येई, आणि ते सोंडेने नळ उपटून काढीत. शेवटी पर्यटकांच्या स्नानगृहाभोवती किल्ल्यासारखी जाड भिंत बांधावी लागली. २०१० साली पाणी परत आले, पुन्हा ओसरले. भिंत तशीच उभी आहे. तटबंदीच्या आत उभे राहून अंगावर पाणी घेताना, बाहेर रात्रभर चाललेली जड पावलांची चाहूल आठवली, आणि आंघोळ आम्ही नेहमीपेक्षा लवकर आटोपती घेतली.

ओकावांगोच्या त्रिभुज प्रदेशाबद्दल थोडक्यात सांगतो, कारण तेथे आमचे दोनच मुक्काम झाले. ही नदी अंगोलाच्या डोंगरात उगम पावते, नामिबियाचा चिंचोळा पट्टा ओलांडते आणि बोत्स्वानात येऊन वाळूत पसरते. समुद्र तिला कधीच भेटत नाही. नवल असे की अंगोलात नोव्हेंबर ते मार्चमध्ये पडलेला पाऊस सपाट भूमीवरून इतका सावकाश उतरतो की येथे पूर येतो तो ऐन कोरड्या हिवाळ्यात, जून-जुलैच्या सुमारास, जेव्हा आकाशात ढगाचा ठिपकाही नसतो. २०१४ साली युनेस्कोने जागतिक वारशाच्या यादीतील एक हजारावे स्थळ म्हणून ह्याच प्रदेशाची नोंद केली. त्यातील मोरेमी अभयारण्य १९६३ साली कुणा गोऱ्या अधिकाऱ्याने राखून ठेवलेले नाही. बातावाना लोकांनी, त्या वेळी राज्यकारभार पाहणाऱ्या राणी पुलाने मोरेमी ह्यांच्या पुढाकाराने, शिकारीने उजाड होत चाललेली आपली भूमी स्वतःहून राखली. तेथील लाकडी ओंडक्यांचे पूल खडखडत ओलांडताना आम्ही ही कथा मोठ्या कौतुकाने ऐकली. मग आमच्या वाटाड्याने, गाडीचा वेग कमी न करता, तिचा उत्तरार्ध सांगितला : त्या वेळी आत राहणाऱ्या सान लोकांच्या वस्तीला मात्र उठून ख्वाई नदीच्या पलीकडच्या तीरावर जावे लागले. त्याच रात्री एका तरसाने शिक्षक महाशयांचा डावा बूट पळवला. उरलेला प्रवास त्यांनी रबरी चपलांवर केला.

माउनहून दक्षिणेकडे वळताच रस्त्यात एक फाटक लागते. गुरांच्या लाळ-खुरकुताचा प्रसार रोखण्यासाठी देशभर शेकडो किलोमीटर तारेची कुंपणे घातलेली आहेत, कारण येथील गोमांस युरोपात विकले जाते आणि युरोपच्या अटी कडक असतात. उत्तरेकडील रानम्हशींच्या मुलखातून दक्षिणेकडे कच्चे मांस नेता येत नाही. गाडीचे शीतपेटीसकट सर्व कप्पे तपासले जातात, सर्वांनी उतरून औषधी द्रावणात भिजवलेल्या चटईवर बूट बुडवायचे, चाकेही त्याच द्रावणातून न्यायची. आमच्या स्वयंपाक्याने आदल्या रात्रीच सर्व मांस नुसत्या मिठापाण्यात शिजवून, लाकडी मुसळीने कुटून ठेवले होते. ह्या पदार्थाला तेथे सेस्वा म्हणतात; मक्याच्या घट्ट लापशीबरोबर तो खातात. मसाला शून्य, भूक असली तर उत्तम लागतो. पण कुंपणाची गोष्ट एवढ्यावर संपत नाही. अभयारण्याच्या उत्तर सीमेवरील कुके कुंपण १९५८ साली उभे राहिले, आणि पुढे दुष्काळाच्या वर्षांत पाण्याकडे निघालेली हजारो वाइल्डबीस्ट हरणे अशा कुंपणांशी अडून तेथेच मेली. पाण्याचा वास त्यांना येत असेल. तार त्यांना समजली नसेल.

राकोप्स ह्या गावी इंधनाच्या टाक्या भरल्या. जवळून वाहणारी बोतेती नदी १९९० च्या दशकाच्या आरंभी आटली होती आणि जवळजवळ दोन दशकांनंतर पुन्हा वाहू लागली. तेथील एका पिढीने आपल्या गावची नदी प्रथम पाहिली ती वयात आल्यावर. येथून पुढे पाणी नाही. दोन्ही गाड्यांत मिळून दोनशे लिटर पाणी होते. माणशी दिवसाला पिण्यासाठी, स्वयंपाकासाठी आणि तोंड धुण्यासाठी मिळून सहा लिटर धरले होते, उरलेले संकटासाठी. वाटाड्याने गाड्यांच्या नाकाशी जाळी बांधली. गवताचे बी उडून रेडिएटरमध्ये अडकते, इंजिन तापते, आणि गाडीखाली साचलेले वाळके गवत पेटून संपूर्ण गाडी भस्मसात झाल्याची उदाहरणे आहेत. म्हणून दर तासाभराने उतरून, वाळूवर पालथे पडून गाडीचे पोट तपासायचे. हे काम आलटून पालटून सर्वांनी केले. धर्मगुरूंना त्यातून सूट मिळाली नाही.

शाळेतील नकाशात कलहारी पिवळ्या रंगात दाखवलेली असे, म्हणून आमच्या डोळ्यांपुढे वाळूच्या टेकड्या होत्या. प्रत्यक्षात ते गवताचे राज्य आहे. कमरेइतके फिकट सोनेरी गवत, मधूनमधून बाभळीच्या कुळातील काटेरी झाडे, आणि खाली सर्वत्र मऊ, खोल वाळू. पाऊस येथे अगदीच पडत नाही असे नाही. डिसेंबर ते मार्चच्या दरम्यान पडतो. मात्र वाळू तो क्षणात पिऊन टाकते, आणि पृष्ठभागावर वर्षातील बहुतेक काळ ओंजळभरही पाणी उभे राहत नाही. प्राचीन काळी येथे नद्या वाहत होत्या. त्यांची पात्रे अजून दिसतात : रुंद, सपाट, राखाडी, दोन्ही काठांवर झाडांची रांग, आणि मध्ये पाण्याऐवजी चरणारी हरणे. त्यांतील एका पात्राला इंग्रजीत 'फसवणुकीची दरी' ह्या अर्थाचे नाव आहे. दुपारी बाराच्या उन्हात आम्ही काठावर आलो तेव्हा समोर निळसर तळे लकाकत होते. जवळ गेल्यावर ती वाळलेली माती निघाली. फसव्या तळ्याच्या ऐन मध्यभागी एक गेम्सबॉक शांतपणे उभा होता.

ह्या प्राण्याविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. तलवारीसारखी सरळ दोन शिंगे, काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचा मुखवटा, घोड्याएवढा बांधा. पाणी न पिता तो महिनोन्महिने जगू शकतो. उन्हात शरीराचे तापमान पंचेचाळीस अंशांपर्यंत चढू देतो, घाम गाळून पाणी वाया घालवत नाही, आणि नाकातील रक्तवाहिन्यांच्या जाळ्यात रक्त थंड करून मगच ते मेंदूकडे पाठवतो. वाहत्या झऱ्यासाठी हरिणी जशी आसुसते, तसा माझा जीव देवासाठी आसुसतो, अशा अर्थाचे स्तोत्र आम्ही आयुष्यभर म्हणत आलो आहोत. स्तोत्रकर्त्याच्या देशात गेम्सबॉक नसावा.

रात्री काळ्या आयाळीचे सिंह गर्जत. गर्जना दूर असली तरी तंबूच्या कापडातून ती छातीवर येऊन आदळते. पहाटे गारठ्यात, शेकोटीच्या निखाऱ्यांशेजारी, गाडीच्या मागच्या फळीवर आम्ही दोघे मिस्सा अर्पण करीत असू. दिवसा कोरी नावाचा प्रचंड माळढोक गवतातून तोऱ्यात चालताना दिसे. आपल्या सोलापूरच्या नान्नज माळावरील माळढोकाचा हा सख्खा चुलतभाऊ. तेथे तो आता शोधूनही सापडत नाही. येथे एका सकाळी आम्ही अकरा मोजले. आणि ह्या सर्वांवर पसरलेले मौन. गाडीचे इंजिन बंद केले की कानात आपल्याच रक्ताचा आवाज येतो. मल्याळी बाई तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "फादर, देवाने जग निर्माण करून नुकतेच ठेवले आहे आणि माणूस अजून आलेलाच नाही, असे वाटते."

त्यांचे म्हणणे आम्हां सर्वांच्या मनातले होते. सफारीच्या पत्रकांतही नेमके हेच छापलेले असते : मानवाचा स्पर्श न झालेली भूमी. आमच्या सहाध्यायींनी चहाचा पेला खाली ठेवला आणि म्हणाले, "माणूस होता. त्याला नेला."

मध्य कलहारीचे अभयारण्य १९६१ साली, ब्रिटिश अमदानीत स्थापन झाले. क्षेत्रफळ सुमारे ५२,८०० चौरस किलोमीटर, म्हणजे गोव्यासारखी चौदा राज्ये त्यात मावतील. जॉर्ज सिल्बरबाउअर नावाच्या अधिकाऱ्याला सरकारने बुशमन लोकांच्या पाहणीसाठी नेमले होते. त्याच्या शिफारशीवरून ही भूमी राखली गेली, आणि राखण्यामागे वन्यप्राण्यांइतकाच तेथील माणसांचाही विचार होता. ही माणसे म्हणजे सान. त्यांतही ग्वी आणि गाना ह्या जमाती. आमच्या शालेय पुस्तकांनी त्यांना बुशमन म्हटले आणि एका चित्रात धनुष्यबाण देऊन उभे केले. ह्या लोकांनी पाण्यावाचून जगण्याची जी विद्या साधली, तिच्यापुढे गेम्सबॉकचे नाक सामान्य वाटते. शहामृगाच्या अंड्याच्या कवचात पाणी साठवून ते वाळूत पुरायचे; ओल असलेल्या वाळूत पोकळ नळी खुपसून, तासन् तास ओढून पाणी काढायचे; कुठल्या वाळक्या वेलाखाली हातभर खोल पाणीदार कंद आहे हे ओळखायचे. सर्वांत मोठा आधार त्सामा नावाच्या रानकलिंगडाचा. जमिनीवर पसरणाऱ्या वेलावर नारळाएवढी ही फळे लागतात आणि कोरड्या हंगामात कित्येक महिने वाळूवर तशीच पडून राहतात. माणूस, गेम्सबॉक, तरस, सर्वांचे पाणी त्यातच असते. पायपर पॅन नावाच्या पठारी खोलगटाजवळ आम्ही ती पाहिली : पिवळी पडत चाललेली, काही कुरतडलेली. एक फोडून चाखले. बेचव, किंचित कडसर, ओले. आमच्याजवळ दीडशे लिटर पाणी शिल्लक असल्यामुळे आम्ही ते थुंकून टाकले.

पुढे सरकारने कूपनलिका खणली, शाळा-दवाखाना दिला, वस्त्या स्थिरावल्या. आणि मग सरकारचे मन बदलले. १९९७ साली काडे येथील हजाराहून अधिक माणसांना अभयारण्याच्या बाहेर नव्या गावी नेण्यात आले. २००२ च्या जानेवारीअखेर आतील उरलेल्यांच्या सेवा बंद झाल्या. मोथोमेलो येथील कूपनलिका बंद करण्यात आली आणि साठवलेले पाणी ओतून देण्यात आले. शासनाची बाजूही ऐकली पाहिजे. ते म्हणत होते की इतक्या दूर पाणी आणि औषध पोहोचवणे परवडत नाही. घोडे, बंदुका आणि शेळ्या बाळगणारे लोक आता पूर्वीसारखे रानावर अवलंबून राहिलेले नाहीत. मुलांना शाळा हवी. अभयारण्यात गोपे येथे हिरे सापडले होते, म्हणून माणसे हलवली, असा आरोप झाला. शासनाने तो नाकारला. तेथे खाण सुरू झाली ती २०१४ साली, आणि तीन वर्षांत बंदही पडली.

सान लोक न्यायालयात गेले. १३ डिसेंबर २००६ रोजी उच्च न्यायालयाने, दोन विरुद्ध एक मताने, त्यांना त्यांच्या संमतीविना हलवणे बेकायदेशीर ठरवले. त्या तिघांत युनिटी डाऊ होत्या, त्या देशाच्या उच्च न्यायालयातील पहिल्या स्त्री न्यायाधीश, आणि कादंबरीकारही. योगायोग असा की त्याच डिसेंबरात आपल्या संसदेने वनहक्क कायदा संमत केला. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातील पाड्यांचा प्रश्न आमच्या वाचकांच्या परिचयाचा आहे; कायदा झाल्याने सर्व झाले, असे कुणी वारली बांधव म्हणणार नाही. बोत्स्वानातही निकालात एक मेख होती : परत जाण्याचा हक्क मान्य झाला, पण सेवा पुन्हा सुरू करण्याचे बंधन शासनावर नव्हते. म्हणजे घरी जा, पाणी मागू नका. लोक बाहेरून गाढवांच्या गाड्यांवर पाणी आणू लागले. स्वतःच्या खर्चाने जुनी कूपनलिका सुरू करू द्या, एवढेच त्यांचे मागणे होते. २०१० साली उच्च न्यायालयाने तेही फेटाळले. ह्याच काळात अभयारण्यात पर्यटकांसाठी पक्की निवासस्थाने मात्र उभी राहिली. अखेर २७ जानेवारी २०११ रोजी अपील न्यायालयाने पाण्याचा हक्क मान्य केला, आणि त्या सप्टेंबरात मोथोमेलोला पुन्हा पाणी लागले. मधली नऊ वर्षे कोरडी गेली.

हे सर्व ऐकत असता आम्हांला आमच्या गावची बावखले आठवत होती. पाणी कुणाचे, हा प्रश्न आमच्याकडेही विहिरींशी उभ्या राहिलेल्या टँकरांनी विचारला होता. पण आमचे पाणी जात होते तेव्हा आम्ही तरी आमच्या घरी होतो.

सहाध्यायी ह्या बाबतीत पूर्णपणे आमच्या मताचे नव्हते, हेही लिहिले पाहिजे. ते म्हणाले, "नव्या गावच्या शाळेतून मुले पुढे गेलेली मी पाहिली आहेत. त्यांना पुन्हा कंद खणायला पाठवायचे का? दिल्लीमुंबईहून येणाऱ्यांना सान माणूस धनुष्यबाणासकट हवा असतो." आम्ही म्हणालो, शिकावे की नाही हा प्रश्नच नाही, जायचे की राहायचे हे कुणी ठरवायचे, हा आहे. शेकोटीशेजारी हा वाद बराच वेळ चालला. वाटाड्या त्स्वाना होता. तो लाकडे सारखी करीत राहिला आणि काहीच बोलला नाही.

मग त्यांनी आम्हांला एका दफनाची हकीकत सांगितली. मूळचे अभयारण्यातील एक वृद्ध सान गृहस्थ डिसेंबर २०२१ मध्ये बाहेर वारले. वाडवडिलांच्या भूमीत आपल्याला पुरावे, ही त्यांची इच्छा. शासनाने परवानगी नाकारली. २००६ च्या निकालाचा अर्थ शासनाने असा लावला होता की त्या खटल्यात ज्यांची नावे होती तेवढ्यांनाच परवान्याविना आत जाता येईल. त्यांच्या वयात आलेल्या मुलांनाही परवाना लागे. कुटुंब न्यायालयात गेले आणि हरले, अपिलातही हरले. दफन बाहेर उरका, असा आदेश झाला. कुटुंबाने तो मानला नाही. देह शवागारात राहिला. एक वर्ष, दोन वर्षे, जवळजवळ तीन वर्षे. २०२४ च्या निवडणुकीत, स्वातंत्र्यापासून सत्तेवर असलेला पक्ष हरला आणि डुमा बोको राष्ट्राध्यक्ष झाले. त्यांनी पूर्वी सान लोकांच्या बाजूने वकिली केली होती. त्यांच्या शासनाने परवानगी दिली, आणि डिसेंबर २०२४ मध्ये त्या वृद्धाला मेत्सियामानोंग ह्या त्यांच्या ठिकाणी मूठमाती मिळाली. मेत्सियामानोंग म्हणजे गिधाडांचे पाणी.

धर्मगुरूच्या आयुष्यात दफनविधी शेकड्यांनी मोजावे लागतात. मुलगा दुबईहून यायचा आहे म्हणून दोन दिवस देह ठेवावा लागला तर घरातील बायांचे चेहरे कसे होतात, हे आम्ही जाणतो. सारा मरण पावली तेव्हा अब्राहाम त्या देशात परका होता. तरी हेब्रोनच्या लोकांनी त्याला थडग्यासाठी गुहा देऊ केली, आणि त्याने चारशे शेकेल चांदी मोजून ती विकत घेतली. परक्यालाही जागा मिळाली होती. त्या रात्री निखारे विझेपर्यंत आम्ही बसून राहिलो. सिंहांचा आवाज त्या रात्री आला नाही, की आमचे लक्ष नव्हते, कोण जाणे.

पाचव्या दिवशी पश्चिमेच्या फाटकातून बाहेर पडलो आणि वाळूच्या रस्त्याने नव्या काडेला पोहोचलो. हे नाव रोमन लिपीत 'एक्स' ह्या अक्षराने सुरू होते. त्याचा खरा उच्चार एक टचकारा आहे. बैल हाकताना आपला गाडीवान तोंडाने जो आवाज काढतो, त्याच जातीचा. आपण जो बैलांसाठी ठेवला, त्याने ह्यांच्या गावाचे नाव सुरू होते. सरळ रेषेत आखलेले भूखंड, पत्र्याची आणि सिमेंटची घरे, काही अंगणांत अजून गवताच्या झोपड्या; शाळा, दवाखाना, पाण्याचा नळ. सर्व आहे. दुकानाच्या सावलीत सकाळी दहा वाजता दारू पिऊन बसलेले तरुणही आहेत. त्यांच्याकडे बोट दाखवून हे लोक असेच, असे म्हणणारे आम्हांला वाटेत भेटले होते. हातचे काम काढून घेतले तर आमच्या कोळीवाड्यातही काय होईल, ते आम्ही कल्पनेने जाणू शकतो.

सहाध्यायींच्या ओळखीच्या एका शिक्षकाने आम्हांला आपल्या आजीकडे नेले. झोपडीच्या सावलीत ती पाय पसरून शहामृगाच्या कवचाचे मणी ओवीत बसली होती. "दुमेला, म्मा," आम्ही शिकवल्याप्रमाणे म्हणालो. ती ग्वी भाषेत बोले, नातू ते त्स्वानात सांगे, सहाध्यायी ते मराठीत आणीत. आम्ही आत कुठे कुठे गेलो, असे तिने विचारले. आम्ही मुक्कामांची नावे सांगितली. ती नकाशावरची इंग्रजी नावे होती. तिला त्यांतले एकही कळले नाही. मग वाटाड्या पुढे सरसावला. शेकोटीशी मौन धरून बसलेला तो, आता वाळूवर उकिडवा बसून काडीने पात्रे, झाडांच्या रांगा, वळणे काढू लागला. ती पुढे वाकून पाहत राहिली. एका खोलगटावर तिने बोट टेकवले आणि टचकाऱ्यांनी भरलेले एक लांब नाव उच्चारले.

"तिथे त्सामा आहेत का, असे विचारते," सहाध्यायी म्हणाले.

आहेत, असे आम्ही सांगितले.

"पुष्कळ?"

आम्ही मोजले नव्हते. मल्याळी बाई म्हणाल्या, झाडापासून गाडीपर्यंतच वीस-पंचवीस असतील. हे दोन भाषांतून तिच्यापर्यंत पोहोचायला थोडा वेळ लागला.

"गोड आहेत की कडू? दोन्ही प्रकारचे असतात, म्हणते. झाडाच्या पूर्वेचे गोड असतात."

आम्ही चाखलेले कुठल्या बाजूचे होते, ते कुणालाच सांगता येईना. वाटाड्याने वाळूवरील झाडाच्या एका अंगाला काडी टेकवली, मग दुसऱ्या अंगाला, आणि आमच्याकडे पाहिले. म्हातारी हसली. तिने नातवाला काहीतरी सांगितले, आणि तो आत जाऊन आमच्यासाठी पत्र्याच्या पेल्यात नळाचे पाणी घेऊन आला.